अंगावरून वारं गेल्यावर : मानेच्या शिरेचा रिपोर्ट काय सांगतो?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. सांगलीजवळच्या एका वस्तीतील विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन संपले, सरणतय झाले आणि माणसे घराकडे निघाली. एक काकी मात्र बसून राहिल्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी पिशवीतून दवाखान्याची फाईल काढली आणि आमच्यापुढे ठेवली.

“दादा, हे जरा बघा. पोरगं म्हणतंय, ह्यांच्या मानेची शीर जाड झालीया, आता दुसरा झटका येणारच. खरं हाय का?”

काकांची हयात मार्केट यार्डात हळदीची पोती उचलण्यात गेली. एका सकाळी चहाची कपबशी उजव्या हातातून निसटली, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि बोलणे अडखळले. घरच्यांनी दवाखान्यात नेले. जीव वाचला. दहा दिवसांनी काका काठी टेकत घरी आले. फाईलमध्ये मानेच्या सोनोग्राफीचा एक कागद होता. त्यावर लिहिले होते : शिरेच्या भिंतीची जाडी डावीकडे १.२ मिलिमीटर, उजवीकडे १.१ मिलिमीटर. मुलाने मोबाईलवर शोधले आणि ‘धोका’ एवढाच शब्द त्याच्या हाती लागला. त्या दिवसापासून घरात अवकळा पसरली. काकांनी गोळ्या सोडल्या आणि तंबाखूची पुडी पुन्हा खिशात आली. “शीरच गेली, आता पथ्य करून काय मिळणार? खाऊ द्या चार दिवस,” असे त्यांचे म्हणणे.

कागदावरचा आकडा खरा होता. घरात त्याचा जो अर्थ लावला गेला, तो चुकीचा होता. त्या चुकीच्या अर्थाने काकांचे जेवढे नुकसान चालवले होते, तेवढे जाड झालेल्या शिरेनेही केले नसते. असे रिपोर्ट आता आपल्या अनेक घरांत येतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

वारं जातं म्हणजे काय होतं?

आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. कोणी लकवा म्हणते, कोणी अर्धांगवायू किंवा पक्षाघात. यात वाऱ्याचा, करणीचा किंवा बाहेरच्या बाधेचा काही संबंध नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबतो आणि तो भाग काम करेनासा होतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. काकांच्या मेंदूत डावीकडे बिघाड झाला, म्हणून उजवा हात गेला. बहुतेकांची वाचाही डाव्या मेंदूतच असते, म्हणून बोलणेही अडखळले.

झटका दोन प्रकारचा असतो. एकात रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईत २००५-०६ मध्ये एका भागातील दीड लाखांहून अधिक लोकसंख्येतील झटक्यांची नोंद ठेवण्यात आली होती. पहिल्यांदाच झटका आलेल्या शंभर जणांमागे सुमारे ८० जणांच्या मेंदूतील रक्तवाहिनी बंद झालेली होती. शंभरातल्या ८० हून अधिक जणांना वाढलेल्या रक्तदाबाचा विकार होता आणि सुमारे ३० जण २८ दिवसांच्या आत दगावले. हा लेख मुख्यतः रक्तवाहिनी बंद होऊन आलेल्या झटक्याबद्दल आहे.

मानेतली ती शीर

घाटीच्या एका बाजूला दोन बोटे हलकेच ठेवा. ठोका लागतो ना? तीच ती शीर. डॉक्टर तिला कॅरोटिड धमनी म्हणतात. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक असते. (दोन्ही बाजू एकदम दाबू नका आणि जोरात चोळू तर मुळीच नका.) हृदयाकडून आलेले रक्त या दोन शिरा मेंदूपर्यंत नेतात. जबड्याच्या खाली प्रत्येक शिरेला दोन फाटे फुटतात, एक मेंदूकडे जातो आणि दुसरा चेहऱ्याकडे. या फाट्यावर रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो, म्हणून चरबीचे थर तिथेच जास्त साचतात.

शिरेच्या भिंतीला तीन पदर असतात. त्यांतल्या आतल्या दोन पदरांची मिळून जी जाडी, ती सोनोग्राफीवर मोजता येते. इटलीतील डॉक्टरांनी १९८६ मध्ये हे पहिल्यांदा दाखवून दिले. या तपासणीत सुई टोचत नाहीत आणि किरणांचा त्रास नसतो. मानेला जेली लावून यंत्र फिरवतात, अर्ध्या तासात काम होते.

एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. निरोगी प्रौढ माणसाच्या या भिंतीची जाडी साधारण तेवढीच किंवा त्याहून कमी असते. वय वाढते तशी ती दर वर्षी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी वाढते. ०.९ मिलिमीटरच्या वर गेली की डॉक्टर तिला जाड म्हणतात. एखाद्या ठिकाणी उंचवटा येऊन तिथली जाडी दीड मिलिमीटरच्या वर गेली, तर तिथे चरबीचा थर धरला असे समजतात. या थराला ‘प्लाक’ म्हणतात.

भिंत जाड का होते? हमालाच्या खांद्याला घट्टा का पडतो, ते आपल्याला ठाऊक आहे. रोज ओझे पडते, म्हणून कातडी जाड होते. शिरेवर ओझे पडते ते वाढलेल्या रक्तदाबाचे. त्यात साखर, तंबाखू आणि रक्तातली चरबी यांची भर पडली की भिंत आणखी जाड होते, कडक होते आणि आतून खरबरीत होते. म्हणजे १.२ हा आकडा मागच्या १५-२० वर्षांचा हिशोब सांगतो. काकांना रक्तदाब असल्याचे एका शिबिरात सात वर्षांपूर्वीच कळले होते. दोन महिने गोळ्या घेतल्या आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून त्यांनी त्या सोडल्या. त्या सात वर्षांचाही हिशोब या आकड्यात आहे.

जाडी वेगळी, अरुंदपणा वेगळा

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी असतात आणि त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते.

पहिली गोष्ट जाडी. तिच्यापुढे ‘आयएमटी’ असे लिहिलेले असते आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. दुसरी गोष्ट अरुंदपणा, म्हणजे आतली वाट किती बुजली आहे. तिच्यापुढे ‘स्टेनोसिस’ असा शब्द असतो आणि आकडा टक्क्यांत असतो. जाडी वाढलेली असली तरी वाट पूर्ण मोकळी असू शकते. काकांच्या बाबतीत तसेच होते. रिपोर्टच्या खालच्या ओळीत वाट फारशी अरुंद झाली नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती.

जाडीसाठी ऑपरेशन नसते. ती गोळ्यांनी आणि पथ्याने आवरायची. अरुंदपणाचे मात्र तसे नाही. ज्या बाजूच्या मेंदूत झटका आला, त्याच बाजूची शीर ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद असेल आणि पूर्ण बंद झालेली नसेल, तर तो थर काढण्याचे ऑपरेशन करायचे का, हे तज्ज्ञाला लगेच विचारावे लागते. अमेरिका आणि कॅनडातील डॉक्टरांनी १९९१ मध्ये याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभर रुग्णांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूला पुन्हा झटका आला. ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण शंभरात ९ होते. हे ऑपरेशन करायचे ठरले, तर शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत व्हावे लागते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून चालत नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना सरळ दोन प्रश्न विचारा : “वाट किती टक्के अरुंद आहे? झटका आला त्याच बाजूची आहे का?” हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

जाड शीर आणि झटक्यानंतरचे आयुष्य

आता काकींच्या प्रश्नाकडे येऊ. शीर जाड असली की पुन्हा झटका येतोच का? आणि माणूस नीट सुधारत नाही का?

जगभरातील आठ अभ्यासांतील सुमारे ३७ हजार लोकांची माहिती २००७ मध्ये एकत्र करण्यात आली. शिरेची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाने वाढली की पुढे झटका येण्याचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिच्यात दिसले. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांच्याबद्दल ग्रीसमधील डॉक्टरांनी २००६ मध्ये अभ्यास मांडला. जाडी जास्त असलेल्यांना पुन्हा झटका येण्याचे प्रमाण त्यातही जास्त निघाले.

सुधारणेचे काय? झटक्यानंतर तीन महिन्यांनी माणूस कुठे पोहोचला, हे डॉक्टर शून्य ते सहा अशा मापाने सांगतात. शून्य म्हणजे काहीच त्रास उरला नाही. दोनपर्यंत म्हणजे माणूस स्वतःचे स्वतः करू शकतो. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि सहा म्हणजे मृत्यू. ज्यांची शीर जाड असते, त्यांचे या मापावर काहीसे जास्त नुकसान झालेले अनेक अभ्यासांत दिसते. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. मानेतली शीर जाड झाली, तर मेंदूतल्या बारीक शिराही त्याच कारणांनी खराब झालेल्या असतात. मोठी वाट बंद पडल्यावर आडवाटांनी रक्त पोहोचावे लागते आणि त्या आडवाटाही बुजलेल्या निघतात. शिवाय ज्यांची शीर जाड असते ते बहुधा वयाने मोठे असतात, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह असतो. त्यामुळे सगळा दोष एकट्या जाडीचा, असेही म्हणता येत नाही. झटका किती मोठा होता, वय किती आणि माणूस दवाखान्यात किती लवकर पोहोचला, या गोष्टींचे वजन त्याहून जास्त आहे.

धोका जास्त आहे याचा अर्थ ती गोष्ट घडणारच, असा होत नाही. सांगलीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा मिळतो, ४५ फुटांवर धोका. पाणी ४० फुटांवर आले म्हणून नदीकाठच्या वस्तीतला माणूस ‘आता बुडायचंच आहे’ असे म्हणत बसून राहतो का? तो धान्य माळ्यावर टाकतो, कागदपत्रे पिशवीत भरतो, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना शाळेत हलवतो. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा वेळेत हललेली घरे वाचली. काकांचा १.२ हा आकडा म्हणजे इशारा पातळी होती. त्यांनी सामान हलवायच्या वेळी हातपाय गाळले होते.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. पुलाजवळचे पाणी तासातासाला मोजतात, शिरेची जाडी तशी मोजून उपयोग नाही. वर्षभरात ती जेवढी वाढते, तेवढा फरक तर मोजणाऱ्याचा हात हलला तरी पडतो. १६ अभ्यासांतील सुमारे ३७ हजार लोकांची जाडी दोनदा मोजून २०१२ मध्ये तपासणी झाली. मधल्या काळात जाडी किती वाढली यावरून पुढच्या झटक्याचा अंदाज काही बांधता आला नाही. धडधाकट माणसाची जाडी सरसकट मोजू नये, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीही २०१३ मध्ये सांगितले. तेव्हा केवळ जाडी बघायला दर सहा महिन्यांनी पैसे घालवू नका. डॉक्टरांनी अरुंदपणा तपासायला पुन्हा सोनोग्राफी सांगितली, तर ती जरूर करा. बाकी मोजायचे ते रक्तदाब आणि साखर.

कारण कळले की उपाय कळतो

दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्याचा मार्ग आहे, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. झटक्याच्या बाबतीत ती अक्षरशः लागू पडते. भारतासह ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, दहापैकी नऊ झटक्यांमागे दहा ठराविक कारणे असतात आणि त्यांतले सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. बाकीची कारणेही घरातलीच आहेत : तंबाखू, मधुमेह, दारू, वाढलेले पोट, बैठे काम, चुकीचा आहार, रक्तातली चरबी, हृदयाचे विकार आणि मनावरचा ताण. नशीब, ग्रह आणि करणी या यादीत कुठेच नाहीत.

तंबाखूबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. पुरुषांच्या विडीबद्दल आणि गुटख्याबद्दल आपण बोलतो, पण मिसरीबद्दल बोलत नाही. आपल्या कितीतरी आया-बहिणी सकाळी मिसरी लावल्याशिवाय कामाला लागत नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्यांतून तिचे विष रक्तात जाते आणि रक्तदाब वाढवते. पंचशीलातील पाचवे शील आपल्याला मती भ्रष्ट करणाऱ्या नशेपासून दूर राहायला सांगते. विहारात ते शील रोज म्हणायचे आणि घरी मिसरीची डबी उघडायची, हे जुळत नाही. दारूबद्दल तर वेगळे सांगायलाच नको.

दुसरी गोष्ट मिठाची. एका माणसाने दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा जास्त मीठ खाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशोब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात एक किलोची मिठाची पिशवी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. आपल्या घरात ती किती दिवस पुरते, ते या महिन्यात बघा. खर्डा, लोणचे, पापड, सुके बोंबील, फरसाण आणि बेकरीची खारी यांतले मीठ त्याशिवाय पोटात जाते, हेही ध्यानात घ्या.

आणि गोळ्या. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने ग्रासले होते, हे आपण जाणतो. आजार अंगावर असताना औषधोपचार सांभाळत त्यांनी डोंगराएवढे काम केले. गोळी घेणे म्हणजे कमीपणा, हा समज आपण सोडून दिला पाहिजे. रक्तवाहिनी बंद होऊन झटका आलेल्या बहुतेकांना डॉक्टर तीन प्रकारच्या गोळ्या देतात : रक्त गोठू न देणारी, चरबी कमी करणारी आणि रक्तदाबाची. चरबीची गोळी शिरेची भिंत जाड होण्याचा वेगही कमी करते. या गोळ्या बरे वाटेपर्यंत घ्यायच्या नसतात, बरे राहण्यासाठी घ्यायच्या असतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यांतली एकही बंद करू नका. आधी झटका येऊन गेलेल्या ६ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्यांनी वरचा रक्तदाब सरासरी फक्त ९ अंकांनी उतरला होता, तरी पुन्हा झटका येण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले.

साताऱ्याने काय दाखवले?

‘एवढे उपचार गरिबाला परवडतात का?’ असे कोणी म्हणेल. याचे उत्तर आपल्या शेजारच्या साताऱ्यात आहे. रक्तदाब आटोक्यात आणण्याचा एक राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातील २५ जिल्ह्यांपासून सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते : सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. पद्धत अगदी साधी. सरकारी दवाखान्यात आलेल्या मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजायचा. वाढलेला निघाला की ठरलेली स्वस्त गोळी सुरू करायची, बहुधा अम्लोडिपिन. तिने भागले नाही तर दुसरी जोडायची. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, रुग्णाच्या नावाचे कार्ड ठेवायचे आणि तो आला नाही तर त्याला निरोप धाडायचा. पुढे हा उपक्रम देशभर इतर जिल्ह्यांत नेण्यात आला आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. मोजणे, लिहून ठेवणे आणि गोळी चुकू न देणे, एवढेच होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर फुकट तपासली जाते. आशाताई वस्तीत येतात, त्यांना विचारा. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या आणि उपचार सुरू करा. झटका येऊन गेलेल्यांचा रक्तदाब डॉक्टर शक्यतो १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात.

झटका आला तर

मेंदूचा रक्तपुरवठा बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. म्हणून चार गोष्टी घरातल्या लहान-थोर सगळ्यांना पाठ हव्यात.

चेहरा : हसायला सांगा, तोंड वाकडे होते का?
हात : दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का?
बोलणे : नाव-गाव विचारा, शब्द अडखळतात का?
वेळ : यांतले एक जरी दिसले, तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. पाणी, चहा, कांद्याचा रस काहीच पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कबुतराचे रक्त चोळणे, भगताकडे नेणे, लकव्याच्या झाडपाल्यासाठी दूरच्या गावी गाडी करणे यांत ते साडेचार तास निघून जातात आणि ते पुन्हा मिळत नाहीत. जतहून किंवा आटपाडीहून मिरज गाठायचे, माण-खटावमधून सातारा किंवा कराड गाठायचे, तर मुळातच बराच वेळ रस्त्यात जातो. आपल्याला सर्वांत जवळ रात्रंदिवस सीटी स्कॅन कुठे होतो आणि हे इंजेक्शन कुठे मिळते, हे आजच आरोग्य केंद्रात विचारून घ्या आणि विहाराच्या फलकावर लिहून ठेवा. निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, दाखल होताच त्यांना भेटा.

कधी कधी हात-तोंड दहा मिनिटे वाकडे होते आणि आपोआप सरळ होते. ‘गेलं, बरं झालं’ म्हणून झोपू नका. हा मोठ्या झटक्याचा इशारा असतो आणि पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्याच दिवशी दवाखान्यात जा. मानेच्या सोनोग्राफीचा खरा उपयोग अशा माणसाला होतो.

घरी आल्यावर

एका विहारात अतिसाराने आजारी पडलेला भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग संघाला एकमेकांच्या शुश्रूषेची जबाबदारी सांगितली. ही कथा आपण सांगतो. झटक्याच्या रुग्णाच्या घरात ती रोज जगावी लागते आणि बहुधा एकट्या बाईवर तो भार पडतो.

सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढेही ती हळूहळू होत राहते. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून घरी करायचे प्रकार शिकून घ्या आणि ते दिवसातून तीन-चार वेळा करा. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. सरळ बसवूनच घास भरवा. लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नका, खांदा निखळतो. झटक्यानंतर तीनपैकी जवळपास एका रुग्णाचे मन खचते. तो गप्प राहतो, रडतो किंवा चिडतो. त्याला हट्टी म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावरही औषध आहे. कायमचे अपंगत्व राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करा. यात वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी पुढे व्हावे.

विहारात एक वही

त्या दिवशी आम्ही काकींना रिपोर्ट ओळीओळीने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी मुलालाही बोलावून घेतले. मग तिघे मिळून आरोग्य केंद्रात गेले आणि डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. काकांचा उजवा हात अजून पूर्ण चालत नाही, पोते तर आता उचलायचे नाहीच. पण दर रविवारी ते स्वतः चालत विहारात येतात. पुडी खिशातून गेली आहे. शिरेची जाडी आता किती, हे आम्ही विचारलेले नाही. रक्तदाब किती, हे मात्र दर वेळी विचारतो.

बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या दिवसाची नोंद असलेले रजिस्टर शाळेने आजवर जपून ठेवले आहे आणि ७ नोव्हेंबर हा दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. यंदा त्या दिवशी प्रत्येक विहारात आणखी एक वही सुरू करावी, अशी आमची विनंती आहे. वर्गणीतून एक चांगले रक्तदाबाचे यंत्र घ्यावे. ते कसे लावायचे, हे आशाताईंकडून दोन मुलांनी आणि दोन मुलींनी शिकून घ्यावे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तिशीच्या वरच्या प्रत्येक उपासक-उपासिकेचा रक्तदाब मोजावा, नावासमोर आकडा आणि तारीख लिहावी, गोळी चालू आहे की सुटली ते विचारावे. जो पौर्णिमेला आला नाही, त्याच्या घरी जाऊन यावे.

मानेची शीर एका दिवसात जाड होत नाही. तिला वीस वर्षे लागतात. त्या वीस वर्षांत कधीतरी कोणी आपला दंड पुढे करायला लावून आकडा मोजला, तर पुष्कळांवर तो रिपोर्ट काढायची वेळच येणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.